ग्रेडरच्या अंगणातला शिंपी

बबनराव गावंडे नोकरीतून सुटले, पण त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काही सुटलं नाही. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडी पुढं आली की बाही वर करायची, कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा, मूठभर माल उपसून काढायचा, सरकीवरची रुई चिमटीत धरून ताणायची आणि धागा केवढा निघतो ते डोळ्यापुढं धरून पाहायचं. मग गाडीवाल्याच्या तोंडाकडं न बघता म्हणायचं, "कवडी." कवडी म्हणजे डागी, पिवळट, किडका माल. त्या एका शब्दानं माणसाचं वर्ष खाली बसायचं, आणि बबनराव पुढच्या गाडीत हात घालायचे.

ही खोड घरापर्यंत आली होती. कुणाच्या लग्नात बसले तर गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून रुई ओढणार. दवाखान्यात सुई टोचून झाल्यावर डॉक्टरनं दंडावर दाबलेला बोळा त्यांनी तिथंच उलगडला, ताणला आणि डॉक्टरला सांगितलं, "आखूड हाये. तुमाले फसवलं." देवघरातल्या वातीसुद्धा त्यांच्या चिमटीतून सुटल्या नाहीत. बायको विमलताई नुसत्या पाहत राहायच्या. शेजारच्या इंदूबाईला म्हणायच्या, "कुत्र्याले खांब दिसला का पाय वर होते. तसं यायचं हाये."

इंदूबाई शाळेत खिचडी शिजवायची. घरची थोडी कोरडवाहू होती आणि तिचा कापूस दर साली बबनरावांच्याच काट्यावर जायचा. ती हसून म्हणायची, "ताई, तुमच्या घरी एकच खांब. आमी त गाड्याच्या गाड्या उभ्या केल्या त्याच्या म्होरं."

रिटायर झाल्यावर दिग्रसच्या बाजारात बबनरावांची किंमत त्यांना कळली. खुर्ची होती तोवर पानठेल्यावर बाक रिकामा व्हायचा. आता कुणी सरकून जागा देईना. उलट कुणीतरी बंद मूठ पुढं करायचं, "साहेब, जरा ग्रेड सांगा." एकदा साहेबांनी सवयीनं बोटं पुढं केली, तर मुठीतून वाळलं शेण निघालं. पानठेला आठवडाभर हसत होता. त्यानंतर बबनराव बाजारात जायचे बंद झाले आणि पक्षीप्रेमी झाले.

हे असं का झालं ते विमलताईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिग्रस तालुक्यात बबनरावांना ओळखत नाहीत अशी फक्त पाखरंच उरली होती.

पक्षीप्रेम सुरू झालं ते प्लास्टिकच्या वाट्यांपासून. अंगणातल्या पेरूला, लिंबाला, दोरीच्या खांबाला वाट्या लटकल्या. फाटकावर पाटी लागली : "येथे पक्षी राहतात. कृपया हॉर्न वाजवू नये." त्या गल्लीत दूधवाल्याची सायकल आणि दोन म्हशी, याखेरीज काही शिरत नव्हतं. मग साहेब आरामखुर्चीत बसून पाखरांची ग्रेड लावू लागले. साळुंकी बरी. होला दिसायला सुपर, पण डोक्यानं कवडी. चिमणी म्हणजे चालू माल. कावळ्याकडं तर ते कवडी म्हणूनही बघत नसत. कावळ्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो वाटीत घाण करून जायचा.

"पाखराले दाना टाकते म्हने," इंदूबाई कुंपणावरून म्हणायची. "आमची गाडी उतरवाले लागलं का म्हनायचा, भराले पोते नाई, बारदाना संपला, उद्या या. पाखराले म्हनते का असं?"

"पाखराले काय म्हनते? पाखरू उद्या येत नाई," विमलताई म्हणायच्या.

विमलताईंचं अंगणात एकच झाड होतं, देवकापसाचं. शेतातल्या कापसाशी त्याचा संबंध नाही. परसात एखादंच लावतात, माणसापेक्षा उंच होतं, वर्षानुवर्षं टिकतं, थोडं थोडं बारा महिने फुटत राहतं, आणि त्याच्या रुईच्या वाती देवाला चालतात. त्या झाडावर विमलताईंचा एक नवस अडकला होता. भावावरून केंद्रावर गाड्या अडल्या होत्या त्या साली शेतकऱ्यांनी चिडून ग्रेडरला काट्याच्या खोलीत कोंडलं. बातमी घरी आली तेव्हा विमलताई देवघराकडं धावल्या. देवासमोर बसून बोलून गेल्या, माणूस सुखरूप येऊ दे, लाख वाती लावीन. माणूस सुखरूप आला. हात धुतले, जेवला आणि म्हणाला, "अडानी लोक हायेत. भाजी आळणी झाली." त्या घासापासून विमलताईंना नवसाचा पस्तावा होता. पण देवाला दिलेला शब्द काही कापसाचा भाव नव्हे, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. म्हणून त्या रोज दुपारी ओट्यावर बसून, बोटांना राख लावून, वाती वळायच्या. येत्या कार्तिकात लावून मोकळं व्हायचं ठरलं होतं.

"आमच्यात नवस नाई बाप्पा," इंदूबाई म्हणायची. "आमचा नवरा कोंडला असता त मी कुलूप पाह्यलं असतं, पक्कं हाये का नाई."

दोन हजार सहाच्या श्रावणात ओट्यावरच्या टोपलीत चोर शिरला. अंगठ्याएवढं पाखरू. पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी सारखी वर, आणि आवाज हवालदाराचा. टोपलीच्या काठावर बसून तो विमलताईंनाच ओरडला आणि चोचभर रुई घेऊन झाडात गेला. थोड्या वेळानं परत आला. बोंडातून नुसती काढलेली रुई नाही, निवडून, साफ केलेली रुई न्यायचा.

"शिंपी हाये थो," इंदूबाई म्हणाली. "पानं शिवते. त्याले सांगा, नंबर लावून ये मना."

"नंबर कायचा लावते. दादागिरी हाये. घरात एक होता, आता हा दुसरा."

पण चार दिवसांनी झाडाखाली पडलेली पानं झाडताना विमलताईंची मान वर गेली आणि खराटा हातातच राहिला. देवकापसाची दोन रुंद पानं कडेला कड लावून शिवलेली होती. पानाला बारीक भोकं, भोकातून रुई ओढलेली, आणि बाहेरच्या अंगाला तिचा गोंडा फुलवलेला, सदऱ्याच्या गुंडीसारखा, म्हणजे टाका मागं सरकू नये. एक टाका, दुसरा, तिसरा. वळलेल्या पानांच्या पिशवीत आणखी रुई. वाती वळून वळून विमलताईंची बोटं वाकडी झाली होती. आपल्याच रुईचं हे काय झालं ते त्या बघत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "चोरी केली ते केली, काम मात्र नीट केलं भाड्यानं."

हे त्यांनी मनात ठेवायला हवं होतं. जेवताना तोंडातून निघून गेलं, आणि ती चूक त्यांना पुढं भोवली.

दुसऱ्या दिवशी बबनरावांनी झाडाभोवती सुतळी बांधली. "आजपासून या झाडाले हात लावाचा नाई. पक्ष्याचा अधिवास हाये."

"माह्या वाती?"

"वाती बाजारात भेटते."

"देवाले बाजारातल्या चालत नाई. आन झाड माह्यं हाये. मी लावलं."

"झाड निसर्गाचं हाये," बबनराव म्हणाले आणि सुतळीच्या आत जाऊन उभे राहिले.

मग पाहुणे सुरू झाले. सरकी काढणाऱ्या जिनिंगचे मालक आले, निवृत्त हेडमास्तर आले, औषधाच्या दुकानातले आले. वर्षभर ज्यांनी तोंड दाखवलं नव्हतं ते चहाला येऊ लागले. बबनरावांचा आवाज पुन्हा केंद्रावरचा झाला. पाहुण्याला झाडाजवळ न्यायचं, पान हलकेच कलतं करायचं, शिलाई दाखवायची. आणि मग, हात तिथवर गेला म्हणजे गेलाच, टाक्याचा एक गोंडा चिमटीत धरायचा, ओढायचा, दोन्हीकडं ताणायचा. "पाहा. केवढा धागा हाये. पाखराले ग्रेड समजते. आमच्या शेतकऱ्याले नाई समजली." जिनिंगचे मालक हसायचे. हेडमास्तर मान डोलवायचे. ओढलेली रुई बबनराव फुंकर मारून उडवून द्यायचे, केंद्रावर उडवायचे तशी.

विमलताई स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहायच्या. पाहुणा गेला की शिंपीण यायची. आधी शिव्या द्यायची, मग ज्या भोकातली रुई गेली तिथं नवी रुई कोंबायची. एक टाका ओढला तर एक टाका घालायची. आत अंडी होती, त्यावर बसायचं सोडून ही बाई दिवसभर दुरुस्ती करायची.

"अहो, टाका काहून ओढता?" एकदा त्यांनी विचारलं.

"एका टाक्यानं काय होते?"

"गाडीतून मूठभर काढून फेकत होते, तवाही हेच म्हनत होते. दिवसभराच्या मुठी केवढ्या झाल्या असतील."

"तुले यातलं समजत नाई."

त्यांना एवढं समजत होतं की चोर आपल्याच घरचा असेल तर त्याची भरपाई आपण केली पाहिजे. विमलताई रोज सकाळी टोपलीतली सगळ्यात स्वच्छ रुई निवडून ओट्याच्या तारेला लावून ठेवू लागल्या. शिंपीण यायची, न्यायची, वर ओरडायची. "उपकार नाई करून राह्यली तुह्यावर," विमलताई तिला सांगायच्या. "ओढनारा माह्याच घरचा हाये. बोलू नको." नवसाच्या वाती मागं पडत चालल्या.

पिल्लं निघाली. आत उघडी चोच आणि बाहेर शेपटी वर करून नवरा-बायको दोघांची धावपळ. पान वजनानं खाली ओढलं जाऊ लागलं. इंदूबाईनं लांबूनच पाहून सांगितलं, "आता पंधराएक दिवस. शिलाई टिकली पायजे, बस."

"आन थो बोका?"

इंदूबाईचा बोका कुंपणावर बसला होता. इंदूबाई म्हणाली, "थो माह्या घरचा हाये. त्याले मी पाह्यते. तुमच्या घरचा तुमी पाहा."

त्या दिवसांत जिल्ह्यात बाहेरच्या गाड्यांची रीघ होती. कापसाचं वाईट चाललं की मुंबई-पुण्याच्या लोकांना यवतमाळ आठवायचं. यायचे, कुणाच्या तरी दारात पाणी मागायचे, न पिता ठेवायचे, फोटो काढायचे, संध्याकाळी हॉटेलात जेवायचे. कुणीतरी बबनरावांचं नाव सांगितलं आणि पुण्याच्या पेपरातली निकिता नावाची मुलगी एका फोटोवाल्याला घेऊन दारात उतरली. गाडीनं पाटीसमोर हॉर्न वाजवला.

बबनरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. विमलताईंनी चहा ठेवला आणि दारातच उभ्या राहिल्या.

"काका, आमचं सगळं पान दुःखाचंच भरलंय," निकिता म्हणाली. "वाचकाला खूप जड होतं. एक चौकट आशेची हवीय. संकटातल्या कापसाचं एक घरटं. किती पॉझिटिव्ह आहे हे."

"आशा हायेच ना," बबनराव म्हणाले. "पाहाची नजर पायजे."

फोटोवाला सुतळी ओलांडून आत गेला. त्यानं सगळीकडून कॅमेरा लावून पाहिला. "काका, आतलं काही दिसत नाही. पान जरा उघडा ना. आणि तुम्ही ते बोटांनी करता म्हणे, ते करा. हो, तेच."

"पिल्लं हायेत आत," विमलताई दारातून म्हणाल्या.

"काकू, दोन मिनिटं फक्त."

"अवं, मी रोज करतो," बबनराव म्हणाले. आणि त्यांनी वरचा गोंडा चिमटीत धरला.

आजवर खालचे ओढले होते. वरच्या टाक्यावर सगळा भार होता. गोंडा निघाला, त्याच्यामागं भोकातली रुई निघाली, पान फाकलं, आणि पुढचे टाके आपोआप सुटत गेले. पिशवी उघडून लोंबली. तीन पिल्लं, अजून पिसं धड न फुटलेली, रुईच्या कडेला लटकली. शिंपीण डोक्यावर येऊन किंचाळत होती. फोटोवाल्याचा कॅमेरा खाट खाट वाजत होता. बबनरावांच्या चिमटीत रुई तशीच ताणलेली होती.

"शिलाईच कच्ची होती," ते म्हणाले. "पाखरानं नीट काम नाई केलं."

विमलताई पायऱ्या कशा उतरल्या ते त्यांनाही कळलं नाही. काट्याच्या खोलीतून आलेल्या माणसानं हात धुऊन हेच सांगितलं होतं, लोक अडाणी आहेत. आज पाखरू अडाणी निघालं. यानं जन्मात ज्याच्या ज्याच्यात हात घातला ते सगळं आधीपासूनच कच्चं होतं. त्यांनी डाव्या हाताचा तळवा पानाखाली धरला. पिल्लांचं वजन लागलं, नाही लागल्यासारखं.

"इंदे," त्यांनी हाक मारली. "टोपली आन. आन सुई."

इंदूबाई कुंपण ओलांडून आली. गोधडीची सुई होती. पहिल्या टाक्याला पान फाटलं. विमलताईंनी स्वतःला एक शिवी दिली, सुई फेकली आणि राख लावलेल्या बोटांनी एक लांब वात वळली. पाखरानं पाडलेली भोकं होतीच. त्याच्यातून ओलं टोक घालायचं, पलीकडून इंदूबाईनं ओढायचं, गाठ मारायची. शिंपिणीचे टाके सुबक होते, यांचे चपलेच्या अंगठ्यासारखे. पण पान मिटत आलं.

"काकू, वर बघा ना," फोटोवाला म्हणाला. "हात तसाच ठेवा. थोडं हसा."

विमलताईंनी वर पाहिलं नाही. इंदूबाईनं पाहिलं. ती उठली, दोन्ही हात पसरून पाहुण्यांना फाटकाकडं रेटत निघाली. "चाला. केंद्र बंद झालं. बारदाना संपला. उद्या या."

"अहो पण चहा," निकिता म्हणाली.

"चाहाही संपला. उद्या या."

हे शब्द बबनरावांनी ओळखले. गाडीनं जाताना पुन्हा हॉर्न वाजवला.

शेवटची गाठ बसली तेव्हा विमलताईंचा हात लाकडासारखा झाला होता. त्या मागं सरल्या. आता एकच गोष्ट उरली होती, आई परत येते की नाही. बबनराव झाडाकडं निघाले.

"कोठी चालले?"

"पाह्यतो जरा. बरोबर बसलं का."

"खुर्ची घ्या," विमलताई म्हणाल्या. "तठी मांडा, फाटकाकडं तोंड करून. पाठ झाडाकडं. हातात काठी घ्या. बोका आला त हाकला. मागं पाह्याचं नाई."

"मी पक्षीप्रेमी हावो."

"म्हनूनच सांगते. मागं पाह्यलं त ह्या झाडाच्या सगळ्या बोंडाची शप्पत, तुमच्यासाठी बोललेली एकही वात लावनार नाई. देवाले सांगीन, माल परत घे."

बबनराव बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रांगेत बसवलं होतं, आणि पुढं काट्यावर कोण आहे ते दिसत नव्हतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आली का वं?"

"थांबा. नंबर लागल तुमचा."

शिंपीण लिंबावर होती. ओरडून तिचा घसा बसला असावा. ती देवकापसावर आली, शिलाईकडं एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं, आणि उडून गेली. इंदूबाई म्हणाली, "तुमचं टेलरिंग नाई आवडलं तिले." दोघी दारात बसून राहिल्या. चुलीवरचा भात करपला तरी कुणी उठलं नाही. मग ती आली, चोचीत हिरवी अळी, आणि सरळ आत शिरली. पान हललं. आतून बारीक गलका झाला.

"आली?" बबनरावांनी फाटकाला विचारलं.

विमलताईंनी ते जेवायला बसेपर्यंत सांगितलं नाही. करपलेला भात वाढला आणि सांगितलं. बबनराव भात आळणी आहे म्हणाले नाहीत.

मग रोजच त्यांनी फाटकाकडं तोंड करून राखण केली. कुणी पाहुणा आला तर त्याला बाहेरूनच वाटेला लावलं. एकदा जिनिंगचे मालक म्हणाले, "गावंडेसाहेब, जरा आत येऊ द्या की," तेव्हा बबनरावांनी इंदूबाईच्या ओट्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बारदाना नाई." शिंपिणीनं विमलताईंच्या जाड गाठींवर आपली रुई कोंबून घेतली होती. लाज वाटली असेल तिला.

पेपर आला तो एका सकाळी, पोस्टानं, पुण्याहून. शेवटच्या पानावर चौकट होती. "कापूस पट्ट्यातलं आशेचं घरटं." फोटोत दोन बोटं आणि ताणलेली रुई, बाकी सगळं धूसर. बबनरावांनी खुर्चीत बसून तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यांच्या पाठीमागं पान हललं. एक पिल्लू काठावर आलं, पडल्यासारखं झालं आणि लिंबाच्या खालच्या फांदीला जाऊन चिकटलं. मग दुसरं. तिसरं पिल्लू बराच वेळ शेपटी वर करून बसून राहिलं, आईनं शिव्या दिल्यावर गेलं. विमलताई हातात खराटा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही.

चौकट तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर बबनराव म्हणाले, "आज आवाज नाई येत."

"गेले."

"कधी?"

"तुमी आशा वाचून राह्यले होते तवा."

ते उठले. पेपर खुर्चीवर ठेवला. झाडाकडं वळायला आता कुणाची हरकत नव्हती, तरी ते सुतळीपाशी थांबले. अंगठा बोटावर घासत होता.

"कसे होते?" त्यांनी विचारलं.

"तुमी कायले विचारता? तुमाले त कवडीच दिसले असते." विमलताईंनी सुतळी सोडली आणि गुंडाळून खांद्यावर टाकली. खालच्या फांदीवर एक बोंड उमललं होतं, ते तोडून पदरात घेतलं. कार्तिकाला वेळ होता, वाती बऱ्याच कमी होत्या. मग त्या बाजूला सरल्या आणि लोंबत्या पानाकडं खराट्यानं दाखवलं.

"घाला आता हात," त्या म्हणाल्या. "गाडी रिकामी हाये."